सहीविना संमती : लवाद करार आणि त्याबाहेरचे पक्ष

लवादाचा सारा अधिकार संमतीतून येतो. दिवाणी न्यायालयाचे समन्स आले की प्रतिवादीला ते न्यायालय पसंत आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. राज्यसत्तेने त्याला तो अधिकार दिलेला असतो. लवादापाशी असे काहीच नसते. आपसातला वाद न्यायालयात न नेता अमुक पद्धतीने नेमलेल्या लवादापुढे न्यायचा, असे पक्षांनी आधी ठरवलेले असते आणि तेवढ्यापुरताच लवाद अस्तित्वात येतो. त्या करारावर ज्याची सही नाही त्याला लवादापुढे ओढून आणता येते का, आणि त्याच्याविरुद्ध दिलेला निवाडा टिकतो का, हा गेल्या चाळीस वर्षांतला लवादाच्या कायद्यातला सर्वांत वादग्रस्त प्रश्न ठरला आहे.

प्रश्न उभा राहतो तो व्यापाराच्या बदललेल्या घडणीमुळे. करारावर सही एका कंपनीची, माल पुरवणारी तिची बहीण-कंपनी, पैसे येतात तिसरीच्या खात्यातून आणि निर्णय होतात परदेशातल्या मुख्य कार्यालयात. वाद पेटल्यावर असे दिसते की सही करणाऱ्या कंपनीच्या नावावर टेबल-खुर्च्यांपलीकडे काही नाही. अशा वेळी करारातला समोरचा पक्ष समूहातल्या सधन कंपनीला लवादापुढे आणू पाहतो. याची उलट बाजूही आहे आणि ती अनेकदा विसरली जाते : पुष्कळ प्रकरणांत सही नसलेली कंपनीच लवादाचा आग्रह धरते, कारण तिच्यावर न्यायालयात दावा लागलेला असतो आणि तिला तो तिथे चालवायचा नसतो.

भारतात याची चर्चा 1996 च्या लवाद व सलोखा कायद्याच्या सातव्या कलमापासून सुरू होते. लवाद करार लेखी हवा, असे हे कलम म्हणते. पण लेखी म्हणजे सहीचाच, असे ते म्हणत नाही. दोन्ही पक्षांनी सही केलेला दस्त हा लेखी कराराचा एक प्रकार झाला. पत्रे, तार, टेलेक्स किंवा इलेक्ट्रॉनिक संदेश यांच्या देवाणघेवाणीतून कराराची नोंद मिळत असेल तर तीही चालते. एका पक्षाने मागणीपत्रात करार असल्याचे म्हटले आणि दुसऱ्याने उत्तरात ते नाकारले नाही, तर तेवढेही पुरते. दुसऱ्या कलमातली व्याख्या आणखी त्रोटक आहे : पक्ष म्हणजे लवाद कराराचा पक्ष. लेखी नोंद हा कराराचा पुरावा आणि संमती हा त्याचा प्राण, हा भेद कायद्याच्या भाषेतच आहे. पुढचे सगळे वाद त्या भेदाचा अर्थ लावण्याचे आहेत.

काही मार्ग जुने आणि बिनविरोध आहेत. मुखत्याराने मालकाच्या वतीने सही केली तर बांधला जातो तो मालक. पक्षाच्या मृत्यूने लवाद करार संपत नाही, असे चाळिसावे कलम स्पष्टच सांगते. वारस त्याला बांधील राहतात. कराराचे रीतसर हस्तांतरण झाले, किंवा दोन कंपन्यांचे विलीनीकरण झाले, तर लवादाचे कलम कराराबरोबर नव्या हाती जाते. एका करारात दुसऱ्या कराराच्या अटी लागू केल्या असतील तर तिथले लवाद कलमही आत येऊ शकते. मात्र भारतीय न्यायालये तिथे काटेकोर आहेत. मुख्य कंत्राटाचा नुसता उल्लेख पुरत नाही, लवादाचे कलम स्वीकारण्याचा हेतू उल्लेखातून दिसावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एम. आर. इंजिनिअर्स प्रकरणात म्हटले. पोटकंत्राटदारांना या निकालाचा उपयोग अजूनही होतो.

याच जुन्या मार्गांमधला एक महाराष्ट्राच्या शहरांत रोज चालतो. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार विकासक आणि सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्यात होतो. सभासद त्यावर व्यक्तिशः सही करतातच असे नाही. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव होतो, आणि चार-दोन सभासद घर रिकामे करायला नकार देतात. विकासक लवाद कायद्याच्या नवव्या कलमाखाली अंतरिम आदेश मागतो. सभासद म्हणतात, आमचा विकासकाशी करारच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2009 च्या डिसेंबरात अशाच एका प्रकरणात सभासदांचा आक्षेप फेटाळला. सहकारी संस्थेचे सभासदत्व घेतल्यावर संस्थेच्या कारभारापुरते सभासदाचे वेगळे अस्तित्व राहत नाही, संस्थेच्या वैध ठरावाला तो बांधील असतो, आणि नवव्या कलमातला अंतरिम आदेश त्याच्याविरुद्धही देता येतो, अशी त्या निकालाची मांडणी होती. त्यानंतर मुंबईत पुनर्विकासाची असंख्य प्रकरणे याच वाटेने गेली. इथे सभासद लवाद कराराचा पक्ष होतो असे नव्हे. तो संस्थेच्या हक्कातून आपला हक्क सांगतो, म्हणून संस्थेच्या बंधनातून त्याला सुटता येत नाही. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला याच भेदावर बोट ठेवावे लागले.

आणखी दोन मार्ग संमतीपेक्षा न्यायबुद्धीवर टेकलेले आहेत. कंपनी हे निव्वळ सोंग असेल, कायदेशीर जबाबदारी चुकवण्यासाठी उभे केलेले असेल, तर तिचा पडदा बाजूला सारून मागच्या माणसाला बांधता येते. आणि ज्याने कराराचा फायदा घेतला त्याला त्याच करारातले लवादाचे कलम नाकारता येत नाही, हे विबंधाचे तत्त्व. अमेरिकेत हे दुसरे तत्त्व फार चालते. अलाबामा राज्यातल्या कॅल्व्हर्ट इथल्या पोलाद कारखान्याला पुरवलेल्या विजेच्या मोटारी बिघडल्या, तेव्हा कारखान्याने पोटकंत्राटदार जीई एनर्जीवर न्यायालयात दावा लावला. मुख्य करारांवर जीईची सही नव्हती, तरी तिने लवाद मागितला. परदेशी निवाड्यांविषयीचा 1958 चा न्यूयॉर्क करारनामा देशी कायद्यातल्या अशा तत्त्वांच्या आड येत नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या जूनमध्ये एकमताने ठरवले.

या सर्वांपेक्षा वेगळा आणि जास्त वादाचा मार्ग म्हणजे कंपनीसमूहाचा सिद्धांत. त्याचा उगम पॅरिसमध्ये, 23 सप्टेंबर 1982 च्या एका अंतरिम निवाड्यात आहे. डाऊ केमिकल समूहातल्या दोन कंपन्यांनी 1965 आणि 1968 मध्ये फ्रान्समध्ये उष्णतारोधक माल विकण्याचे वितरण करार केले होते. समोरची फ्रेंच बाजू पुढे इझोव्हर सॅं-गोबॅं या कंपनीकडे आली. वाद झाल्यावर आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या म्हणजे आयसीसीच्या लवादापुढे डाऊच्या चार कंपन्या दावेदार म्हणून आल्या. त्यांतल्या दोघींची, अमेरिकेतली मूळ कंपनी आणि फ्रान्समधली उपकंपनी यांची, करारांवर सही नव्हती. इझोव्हरने हरकत घेतली. पीटर सँडर्स, बर्टोल्ड गोल्डमन आणि मिशेल व्हासर यांच्या लवाद मंडळाने ती फेटाळली. करार करताना, पाळताना आणि संपवताना या दोन कंपन्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला होता. मालाचा पुरवठा फ्रेंच उपकंपनीच करत होती. सर्व पक्षांचा समान हेतू त्यातून दिसतो. आणि समूह ही एकच आर्थिक वस्तुस्थिती आहे, असे मंडळाचे म्हणणे होते. पॅरिसच्या अपील न्यायालयाने 1983 मध्ये निवाडा कायम ठेवला.

डाऊच्या निवाड्याचा दाखला पुढे जगभर दिला गेला, पण त्यातली एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली गेली. तिथे सही नसलेल्या कंपन्या स्वतःहून लवादापुढे आल्या होत्या. त्यांची संमती शोधावी लागत नव्हती; समोरच्या सही करणाऱ्याने त्यांना मनात धरले होते का, एवढेच पाहायचे होते. अनिच्छेने ओढल्या जाणाऱ्या कंपनीची संमती शोधणे हे निराळे काम आहे. दोन्ही कामांना एकच कसोटी लावली की घोटाळा होतो, आणि भारतात काही काळ तो झाला. इंग्लंडने हा सिद्धांत दारातच अडवला : 2004 मध्ये पीटरसन फार्म्स प्रकरणात तिथल्या न्यायालयाने इंग्रजी कायद्यात त्याला जागा नसल्याचे सांगितले. सिंगापूरच्या उच्च न्यायालयानेही 2014 मध्ये तीच वाट धरली.

भारतीय न्यायालयांची सुरुवातही अशीच सावध होती. सुकन्या होल्डिंग्ज प्रकरणात, 2003 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दाव्यातला काही भाग लवादाचा आणि काही बाहेरचा, काही पक्ष करारातले आणि काही बाहेरचे असतील, तर दाव्याचे तुकडे करून अर्धा लवादाकडे पाठवता येणार नाही. याचा व्यवहारी परिणाम चमत्कारिक झाला. लवाद टाळायचा असेल तर दाव्यात एक-दोन बाहेरचे प्रतिवादी घुसडले की काम होई. इंडोविंड प्रकरण 2010 चे. पवनऊर्जेच्या व्यवसायाच्या विक्रीचा करार वेस्केअर आणि सुबुथी फायनान्स यांच्यात झाला. सुबुथी ही इंडोविंडची प्रवर्तक. संचालक तेच, भागधारक तेच, तरी इंडोविंडने सही केली नाही म्हणून ती बांधली जाणार नाही, असा न्या. रवींद्रन यांचा निकाल आला. भावकी एक असली म्हणून एकाच्या कर्जाला सगळे जामीन होत नाहीत, हे गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. इंडोविंडचा तर्क मुळात तेवढाच होता.

वळण आले 28 सप्टेंबर 2012 ला, क्लोरो कंट्रोल्स विरुद्ध सेव्हर्न ट्रेंट या निकालाने. पाण्याच्या क्लोरिनीकरणाची यंत्रे बनवणाऱ्या भारतीय गटाने परदेशी समूहाबरोबर संयुक्त कंपनी काढली होती. मुख्य भागधारक करार 1995 चा. त्याच्याभोवती वितरण, व्यवस्थापन, तंत्रज्ञान, नाममुद्रा यांचे उपकरार होते. सगळ्यांवर सगळ्यांच्या सह्या नव्हत्या, सगळ्यांत लवादाचे कलमही नव्हते. संबंध बिघडल्यावर भारतीय बाजूने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. वाद लवादाकडे पाठवावा असे खंडपीठ म्हणाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते कायम केले. न्या. स्वतंतर कुमार यांनी लिहिलेल्या निकालाचा कणा होता पंचेचाळिसाव्या कलमातला एक शब्दप्रयोग. परदेशी लवादाला लागू असलेल्या त्या कलमात नुसता 'पक्ष' नाही. पक्षातर्फे किंवा पक्षाच्या हक्कातून मागणी करणारी व्यक्तीही आहे. न्यायालयाने या शब्दांत कंपनीसमूह बसवला, आणि अपवादात्मक प्रसंगी सही नसलेल्यालाही लवादाकडे पाठवता येते असे म्हटले. सही करणाऱ्याशी थेट नाते, विषयाची एकरूपता आणि सर्व करार मिळून एकच व्यवहार, या त्यासाठीच्या खुणा.

त्या व्यवहारापुरता निकाल योग्यच होता. उपकरार मुख्य करारावाचून निरर्थक होते आणि त्यांचे वाद सुटे चालवले असते तर परस्परविरोधी निर्णय आले असते. चूक होती ती आधाराच्या निवडीत. दुसऱ्याच्या हक्कातून मागणी करणारा म्हणजे वारस, हस्तांतरी, नामनिर्देशित. त्याचा हक्क उसना असतो. समूहातली बहीण-कंपनी कोणाच्या हक्कातून काही मागत नाही. ती बांधली गेलीच तर स्वतःच्या संमतीने बांधली जाते. पण निकालातला शब्दप्रयोग पुढे संसदेतही गेला. विधी आयोगाच्या ऑगस्ट 2014 च्या 246 व्या अहवालाने तो 'पक्षा'च्या व्याख्येतच घालण्याची शिफारस केली होती. 2015 च्या दुरुस्तीत तो न्यायालयाने वाद लवादाकडे पाठवण्याविषयीच्या आठव्या कलमात आला, व्याख्या मात्र होती तशीच राहिली. अर्धी शिफारस घेण्यामागचे कारण संसदेने सांगितले नाही, आणि वकिलांना पुढची आठ वर्षे पुरेल असा मुद्दा मिळाला.

या आठ वर्षांत सिद्धांत पसरत गेला. झाशीजवळच्या सौरऊर्जा प्रकल्पाच्या चार करारांत एकच व्यवहार दिसला म्हणून लवादाचे कलम नसलेल्या कराराचे पक्षही 2018 मध्ये लवादाकडे गेले. त्याच वर्षी चेरन प्रॉपर्टीज प्रकरणात शेअर नामनिर्देशित म्हणून घेणाऱ्या कंपनीविरुद्ध निवाड्याची अंमलबजावणी झाली. तिथे पस्तिसाव्या कलमाचा, म्हणजे निवाडा पक्षांच्या हक्कातून मागणाऱ्यांवरही बंधनकारक असतो या तरतुदीचा, सरळ आधार होता आणि समूहाच्या सिद्धांताची खरे तर गरज नव्हती. सर्वांत पुढचे पाऊल 2019 चे, महानगर टेलिफोन निगम विरुद्ध कॅनरा बँक. निगमच्या 1992 च्या रोख्यांच्या व्यवहारात बँकेची उपकंपनी कॅनफिना होती. समूहाची घट्ट रचना, आर्थिक धागे आणि 'एकच आर्थिक घटक' ही कल्पना यांच्या जोरावर कॅनफिनाला लवादात घेतले गेले. नाते हाच पुरावा मानण्याच्या अगदी काठावर न्यायालय इथे पोचले होते. त्याच वर्षी रेकिट बेंकायझर प्रकरणात लगाम दिसला. बेल्जियमची कंपनी वाटाघाटींत होती असे म्हटले गेले, पण पत्रव्यवहार करणारा माणूस भारतीय कंपनीचा नोकर निघाला. बेल्जियन कंपनीला लवादातून वगळण्यात आले. एकाच वर्षातले हे दोन निकाल शेजारी ठेवले की कायदा किती डळमळीत झाला होता ते कळते.

मग आले कॉक्स अँड किंग्ज. ब्रिटिश पलटणींचे हिशेब सांभाळण्यापासून 1758 मध्ये सुरू झालेले हे नाव. मुंबईतल्या या प्रवास कंपनीने 2015 मध्ये सॅप इंडियाकडून ऑनलाइन व्यवसायासाठी सॉफ्टवेअर घेतले. सेवाकरारात मुंबईच्या लवादाचे कलम होते. प्रकल्प रखडला, कंपनीने तो सोडून दिला, दोन्ही बाजूंनी पैशांच्या मागण्या सुरू झाल्या. प्रकल्प मार्गी लावण्याची आश्वासने जर्मनीतल्या मूळ कंपनीकडून, सॅप एसईकडून, ईमेलने आली होती. करारावर तिची सही नव्हती. दरम्यान कॉक्स अँड किंग्ज स्वतःच 2019 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिने जर्मन कंपनीसह लवाद मागितला. प्रकरण ऐकणाऱ्या तीन न्यायाधीशांना क्लोरो कंट्रोल्सची मांडणीच खटकली आणि मे 2022 मध्ये त्यांनी प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. हृषिकेश रॉय, न्या. नरसिंह, न्या. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्र यांच्या घटनापीठाने 6 डिसेंबर 2023 ला निकाल दिला.

घटनापीठाने सिद्धांत ठेवला, पण त्याचा पाया बदलला. 'पक्ष' या शब्दात सही करणारे आणि न करणारे दोन्ही येतात, हे दुसरे आणि सातवे कलम एकत्र वाचून काढले. कराराला लेखी रूप हवे, ही अट सही नसलेल्याला बाहेर ठेवत नाही. त्याचे वर्तन संमतीचा पुरावा होऊ शकते. हक्कातून मागणी करणारे आणि पक्ष हे दोन निराळे वर्ग आहेत, आणि क्लोरो कंट्रोल्सने सिद्धांत पहिल्या वर्गावर बसवला तेवढ्यापुरता तो निकाल चुकला, असे स्पष्ट म्हटले. पडदा बाजूला सारण्याचे तत्त्व इथे आणायचे नाही, कारण ते कंपनीचे वेगळेपण मोडते. कंपनीसमूहाचा सिद्धांत ते वेगळेपण मान्य करून, तरीही या कंपनीने बांधून घेतले का, असे विचारतो. 'एकच आर्थिक घटक' हा एकटा आधार पुरणार नाही. न्या. नरसिंह यांनी वेगळ्या सहमती-निकालात सातव्या कलमातल्या लेखी नोंदीवर अधिक भर दिला, आणि संमतीचा शोध दस्ताशी जोडून ठेवला.

कसोट्या पाच : पक्षांचा परस्पर हेतू, सही करणाऱ्याशी नाते, विषयाची समानता, व्यवहाराचे एकजीव स्वरूप आणि कराराच्या पालनातला सहभाग. त्या 2022 च्या ओएनजीसी विरुद्ध डिस्कव्हरी एंटरप्रायझेस निकालातून घेतल्या आणि सगळ्या मिळून तोलायच्या ठरवल्या. पाचांचे वजन सारखे नाही, हे निकाल वाचणाऱ्याच्या लवकर ध्यानात येते. नाते हे फक्त दार उघडते. निर्णायक असतो तो सहभाग, आणि तोही कराराच्या वाटाघाटीत, पालनात किंवा समाप्तीत घेतलेला ठोस, थेट सहभाग. मूळ कंपनी उपकंपनीवर देखरेख ठेवते, अहवाल मागवते, अंदाजपत्रक मंजूर करते. हा तिच्या मालकीचा रोजचा भाग झाला. त्यातून लवादाची संमती काढू लागलो तर कोणतीच मूळ कंपनी बाहेर उरणार नाही. आणखी एक अडचण शिल्लक राहते. व्यवहारात भाग घेण्याची संमती आणि वाद लवादाकडे नेण्याची संमती यांत अंतर आहे. पहिलीवरून दुसरी गृहीत धरताना, त्या कंपनीला लवादाचे कलम माहीत होते का, हा प्रश्न वारंवार विचारला गेला पाहिजे. निकालांत तो क्वचितच ठळकपणे येतो.

पुरावा कोणाच्या कपाटात असतो, हा व्यवहारातला खरा प्रश्न आहे. समूहाच्या आतले ईमेल, संचालक मंडळाची इतिवृत्ते, पैशांची फिरवाफिरव हे सगळे समोरच्याकडे असते. डिस्कव्हरी प्रकरणात ओएनजीसीने कागदपत्रे उघड करण्याचा अर्ज दिला होता. लवाद मंडळाने त्याचा निर्णय न करताच, डिस्कव्हरीच्याच समूहातली म्हणून ओढलेल्या जिंदाल ड्रिलिंगला वगळणारा अंतरिम निवाडा दिला. ते 2010 साल होते. बारा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द करून प्रश्न नव्या लवाद मंडळाकडे पाठवला.

सही नसलेला पक्ष बांधील आहे का, हे ठरवायचे कोणी? घटनापीठाने उत्तर दिले : लवाद मंडळाने. लवाद नेमणारे न्यायालय फक्त प्रथमदर्शनी करार दिसतो का ते पाहील. पुराव्याचा गुंता मंडळाने सोडवावा. सप्टेंबर 2024 मध्ये कॉक्स अँड किंग्जचे मूळ प्रकरण परत आले तेव्हा न्यायालयाने लवाद नेमला आणि जर्मन कंपनीचा प्रश्न त्याच्याकडे सोडला. 2025 मध्ये दोन निकालांनी हा रस्ता आणखी रुंद केला. एप्रिलमधल्या अदव्य प्रोजेक्ट्स निकालानुसार लवाद सुरू करण्याची एकविसाव्या कलमाखालची नोटीस मिळालेली नाही किंवा लवाद-नियुक्तीच्या अर्जात नाव नाही, एवढ्याने कोणी सुटत नाही. तो कराराने बांधील आहे का, हेच मंडळाने पाहायचे. मे महिन्यात, शापूरजी पालनजी आणि एएसएफ बिल्डटेक यांच्या वादात, सही नसलेल्याला पक्ष करून घेण्याचा अधिकार मंडळाला स्वतःलाच आहे असे ठरले.

लवादात न्यायालयाची ढवळाढवळ कमी करण्याच्या धोरणाशी हे सुसंगत आहे. तरी कायद्यातली एक विषमता त्यामुळे अधिक बोचते. मंडळाने 'हा पक्ष बांधील नाही' असे ठरवले तर सदतिसाव्या कलमाखाली लगेच अपील आहे. 'बांधील आहे' असे ठरवले तर अपील नाही. सगळे प्रकरण शेवटपर्यंत चालवायचे, लवादाच्या आणि वकिलांच्या फीचा भार सोसायचा, निवाडा विरुद्ध गेला की चौतिसाव्या कलमाखाली तो आव्हानित करायचा. आपण या करारात कधीच नव्हतो असे म्हणणाऱ्यासाठी हा मार्ग लांबचा आणि महागडा आहे. ज्या मंडळाचा अधिकारच संमतीवर उभा आहे त्याने त्या संमतीचा पहिला निर्णय करावा, हे जगभर मान्य आहे. पण निदान सही नसलेल्यापुरते तरी लवकरचे एक अपील असायला हवे होते.

परदेशी अंमलबजावणीच्या वेळी हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उघडतो. दल्लाह प्रकरणाइतका त्याचा बोलका दाखला नाही. हज यात्रेकरूंसाठी मक्केत निवासाची सोय करण्याचा प्रकल्प सौदी कंपनी दल्लाहने पाकिस्तान सरकारशी बोलून आखला. 1995 चा समजुतीचा करार सरकारशी झाला, पण सप्टेंबर 1996 चा मुख्य करार झाला तो अध्यादेशाने स्थापन केलेल्या अवामी हज ट्रस्टशी. काही महिन्यांत सरकार बदलले, अध्यादेशाची मुदत संपली आणि ट्रस्टच नाहीसा झाला. पॅरिसमधल्या लवाद मंडळाने सरकारला खरा पक्ष मानून सुमारे दोन कोटी डॉलरचा निवाडा दिला. दल्लाह तो घेऊन इंग्लंडमध्ये गेली. फ्रेंच कायदाच लावून, पण पुरावा स्वतः नव्याने तपासून, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये ठरवले की सरकार पक्ष नव्हते. करार मुद्दाम ट्रस्टशी केलेला होता. अंमलबजावणी नाकारली गेली. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी 2011 मध्ये, पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्याच फ्रेंच कायद्याखाली तोच निवाडा वैध ठरवला.

असा प्रसंग पुन्हा आला. लेबनॉनच्या कबाबजी कंपनीचे कुवेतमधले फ्रँचायझी करार एका कंपनीशी होते. पुनर्रचनेनंतर कौत फूड ही तिची धारक कंपनी बनली आणि व्यवहारात पुढे आली. करार इंग्रजी कायद्याचे, लवाद पॅरिसमधला. लवाद करारालाही इंग्रजी कायदा लागू, आणि लेखी दुरुस्तीशिवाय बदल नाही ही करारातली अट आडवी येते, म्हणून कौत पक्ष नाही, असे 2021 मध्ये लंडनमध्ये ठरले. लवादाच्या स्थळाचा कायदा लागू आणि त्यानुसार कौत बांधील, असे 2022 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. इंग्लंडच्या 2025 च्या नव्या लवाद कायद्याने आता नियमच बदलला आहे : पक्षांनी लवाद करारापुरता वेगळा कायदा स्पष्ट निवडला नसेल तर स्थळाचा कायदा लागू. भारतीय कंपन्यांसाठी याचा अर्थ असा की मुंबईत बसून मिळवलेला निवाडा जर्मन किंवा इंग्रजी मालमत्तेवर चालवायचा असेल, तर तिथल्या न्यायाधीशाला पटेल असा संमतीचा पुरावा सुरुवातीपासून अभिलेखावर हवा. समूहाच्या रचनेचा नकाशा दाखवून तिथे काम होणार नाही.

करार लिहिणाऱ्यांनी यातून काही धडे घेतले आहेत. मूळ कंपनीला खरोखर बांधायचे असेल तर तिची हमी घ्यावी आणि हमीपत्रातच मुख्य कराराशी सुसंगत लवाद कलम घालावे. एकाच प्रकल्पाचे पाच करार असतील तर पाचांत एकच स्थळ आणि एकच नेमणूक-पद्धत ठेवावी. उलट, मूळ कंपनीला दूर राहायचे असेल तर 'इतर कोणतीही समूह-कंपनी पक्ष नाही' हे वाक्य पुरत नाही. तिच्या अधिकाऱ्यांनी नंतर थेट आश्वासनांचे ईमेल पाठवले की वर्तन त्या वाक्याला खोडून टाकते.

सही नसलेल्या, आणि पक्ष म्हणून घेतलेही न गेलेल्या माणसाची स्थिती ऑगस्ट 2025 मधल्या कमल गुप्ता प्रकरणात स्पष्ट झाली. कौटुंबिक समझोत्यावरच्या लवादात अशा तिऱ्हाइतांना सुनावणीला हजर राहायची मुभा दिल्ली उच्च न्यायालयाने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पक्ष नसलेल्यावर निवाडा बंधनकारक नाही, लवादाची कार्यवाही बेचाळीस-अ कलमाने गोपनीय आहे, म्हणून बांधला न गेलेल्याला तिथे बसण्याचा हक्कही नाही. निवाड्याची झळ लागलीच, तर त्याने ती अंमलबजावणीच्या वेळी न्यायालयापुढे मांडायची.